जुनी मोटारसायकल घेताना

रात्रीचा रोलकॉल झाला की दिवे बंद होईपर्यंत आमच्या डॉर्मिटरीत जी पंधरा-वीस मिनिटे मिळतात, त्यात क्रिकेटच्या खालोखाल चालणारा विषय म्हणजे मोटारसायकल. एकाला बुलेट हवी असते, दुसऱ्याला ड्यूक. तिसरा सिग्नल्सच्या ‘डेअर डेव्हिल्स’ पथकासारखी चालत्या गाडीवर उभे राहून सलामी देण्याची स्वप्ने पाहतो. या चर्चेत किंमत मात्र कधीच निघत नाही. पैसे कोणाचेच नसतात, त्यामुळे ते संपतही नाहीत.

यंदाच्या उन्हाळी सुट्टीत आमच्या घरी खरोखरची गाडी घेतली गेली. जुनी, आणि मोजक्या पैशांत. चालवणारा मी नव्हतो, पण तीन आठवडे वही घेऊन प्रत्येक ठिकाणी बरोबर होतो. आपल्यापैकी अनेकांच्या घरी मोठा भाऊ किंवा ताई नुकतीच नोकरीला लागलेली असते आणि हाच प्रश्न पडलेला असतो. त्यांच्यासाठी वहीतले येथे उतरवत आहे.

आधी अडचण काय होती ते सांगतो. आमचे घर इंदूरला, राजेंद्रनगरच्या बाजूला. माझा दादा आयटीआय करून पीथमपूरच्या एका कारखान्यात लागला. तेथे जायला एका बाजूने साधारण २५ किलोमीटर. कंपनीची बस फक्त जनरल शिफ्टला असते आणि दादाची पहिली पाळी सकाळी सहाला सुरू होते. इतके दिवस तो एका मित्राच्या गाडीवर मागे बसून जात असे. त्या मित्राला चाकणला नोकरी मिळाली आणि तो महिनाअखेरीस जाणार होता. दादाचे पहिले सहा महिने प्रोबेशनचे. उशीर झाला की अर्ध्या दिवसाचा पगार जातो आणि त्याची नोंद राहते. ताईच्या नर्सिंगच्या शिक्षणाचे कर्ज चालू असल्यामुळे बाबांना आणखी एक हप्ता नको होता. आईने भिशीचे ५०,००० रुपये काढून दिले आणि सांगितले, “एवढ्यातच सगळं. हेल्मेटसुद्धा.”

नवीन १२५ सीसीची गाडी विमा, नोंदणी धरून रस्त्यावर आणायची तर लाखाच्या आसपास जाते. तो रस्ता बंद होता. म्हणून बाबांनी महूच्या काकांना फोन केला. ते बाबांचे मावसभाऊ. ईएमईमधून हवालदार म्हणून निवृत्त झालेले, व्हेइकल मेकॅनिक. आयुष्यभर लष्कराच्या गाड्या उघडल्या आणि बसवल्या.

काकांनी आल्या आल्या गाडीचे नाव विचारले नाही. “कशाला हवी?” एवढेच विचारले. दादा म्हणाला, “कामाला. आणि रविवारी मांडू, महेश्वर, जानापाव.” काका म्हणाले, “म्हणजे सहा दिवस कामाचे आणि एक दिवस मजेचा. मग सहा मतं एकीकडे आणि एक मत दुसरीकडे. मतदान झालं!”

हा विनोद वाटला तरी सगळी निवड त्यातच आहे. लोक गाडी निवडतात ती रविवारची आणि चालवतात मात्र सोमवार ते शनिवार. दादाच्या मनात रॉयल एनफिल्ड क्लासिक ३५० होती. आपल्या शाळेतल्या वाचकांना बुलेटबद्दल वाईट ऐकवणार नाही हे मला माहीत आहे. १९५५ साली मद्रासला ही गाडी बनू लागली त्यामागे आपल्या लष्कराचीच मागणी होती. पण मी वहीत हिशेब मांडला. जाऊन-येऊन ५० किलोमीटर, महिन्याचे २६ दिवस, म्हणजे १,३०० किलोमीटर. पेट्रोल लिटरला १०६ रुपये धरले. लिटरला ६० देणाऱ्या गाडीला महिन्याला सुमारे २,३०० रुपये लागतात. ४५ देणाऱ्या दीडशे सीसीला ३,०५० च्या जवळ. साडेतीनशे सीसीची गाडी ३३ देईल असे धरले तर जवळपास ४,२००. पहिल्या आणि शेवटच्या आकड्यात महिन्याला १,९०० चा फरक, वर्षाला २३,००० च्या आसपास. म्हणजे आईच्या भिशीचा जवळजवळ अर्धा भाग दर वर्षी टाकीतून जळणार. दादाने वही दोनदा पाहिली आणि क्लासिकचा विषय पुन्हा काढला नाही.

मग शंभर सीसी का घेतली नाही, असे कोणी विचारेल. शहरातल्या शहरात दहा-बारा किलोमीटर जायचे असते तर काकांनी डोळे मिटून स्प्लेंडर किंवा प्लॅटिना सांगितली असती. पण राऊच्या पुढे ट्रक आणि लांबलचक ट्रेलर लागतात. शंभर सीसीच्या इंजिनाची ताकद साधारण ८ अश्वशक्ती. साठच्या वेगाने ती आरामात चालते, पण साठवरून सत्तरला जाऊन ट्रेलर ओलांडायचा म्हटले की तिच्याकडे शिल्लक काही राहत नाही. ओलांडायला जितका वेळ जास्त, तितका वेळ तुम्ही समोरून येणाऱ्याच्या बाजूला. १२५ सीसीला १० ते ११ अश्वशक्ती मिळते आणि पेट्रोलचा फरक फार पडत नाही. दीडशेला १४ च्या आसपास मिळते, पण तेथे खर्चाची रेघ वर सरकते.

शंभर सीसीविरुद्ध आणखी एक कारण होते आणि ते मला सर्वांत मजेदार वाटले. स्प्लेंडर १९९४ पासून बाजारात आहे. प्रत्येक गावात तिचा मेकॅनिक आहे, तिचे भाग किराणा दुकानाशेजारी मिळतात. म्हणून ती जुनी घ्यायला सगळेच धावतात आणि तिची किंमत लवकर उतरत नाही. जेवढ्या पैशांत दहा वर्षांची स्प्लेंडर येते, तेवढ्यातच कमी मागणी असलेली दुसरी गाडी तीन-चार वर्षे तरुण मिळते. जो विकणार आहे त्याला लोकप्रिय गाडी फायद्याची. जो घेऊन दहा वर्षे वापरणार आहे, त्याने लोकप्रियतेचे पैसे का मोजावेत?

एवढे ठरल्यावर काका म्हणाले, “आता नाव विसरा. एकाच कारखान्यातून एकाच दिवशी निघालेल्या दोन गाड्या सात वर्षांनी सख्ख्या राहत नाहीत.” म्हणजे यापुढे मॉडेल निवडायचे नव्हते, समोर उभी असलेली एकच गाडी तपासायची होती.

पहिली पाहिली ती दीडशे सीसीची. टाकी इतकी चकचकीत की त्यात मला माझा क्रू कट दिसत होता. काकांनी फोनवर मालकाला एकच विनंती केली होती की आम्ही येईपर्यंत गाडी सुरू करू नका. आम्ही पोहोचलो, काकांनी टाकीकडे न पाहता उलट्या पंजाने इंजिन चाचपले. गरम होते. मालक म्हणाले, आत्ताच कोपऱ्यावर जाऊन आलो. काकांनी छान गप्पा मारल्या, चहा घेतला आणि “उद्या सकाळी येतो” म्हणून उठले. दुसऱ्या दिवशी सातला आम्ही दारात. गाडी रात्रभर उभी होती. सेल्फने नुसती टकटक केली. अकराव्या किकला गाडी सुरू झाली आणि मागून निळसर धूर आला, तो चांगला मिनिटभर राहिला.

थंड इंजिनाचा एवढा आग्रह का, हे काकांनी परतताना समजावले. गाडी रात्रभर उभी राहिली की ऑइल खाली उतरते. भाग आकुंचन पावलेले असतात, त्यांच्यातल्या फटी जास्त असतात. पिस्टनच्या रिंगा झिजल्या असतील तर दाब नीट तयार होत नाही आणि गाडी सुरू व्हायला त्रास देते. वॉल्व्हचे सील गेले असतील तर रात्री थेंब थेंब ऑइल आत गळते आणि सकाळी पहिल्या धुरात जळते. इंजिन तापले की यातले बरेचसे झाकले जाते. निळा धूर म्हणजे ऑइल जळते आहे. काळा धूर म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल जास्त जाते आहे, तो दोष बहुधा स्वस्तात निघतो. थंडीच्या सकाळी क्षणभर दिसणारी पांढरी वाफ ही नुसती वाफ असते, तिला घाबरू नये.

गाडी सुरू न करताही दाबाचा अंदाज येतो. चावी बंद ठेवून किक हाताने हळूहळू खाली दाबायची. एका जागी ती अडते, जोर लावावा लागतो, मग पुढे सरकते. तो अडण्याचा क्षण म्हणजे पिस्टन हवा दाबत आहे. किक लोण्यात सुरी जावी तशी खाली गेली तर आत दाब धरणारे काहीतरी झिजले आहे. मग मेकॅनिक ‘हाफ इंजिन’ सांगतो, म्हणजे वरचा भाग उघडून ब्लॉक-पिस्टनचे काम. आमच्यासारख्यांचे बजेट तेथेच संपते.

दुसरी गाडी शंभर सीसीची. आम्ही शंभर नको म्हटले होते, पण एका ओळखीच्यांनी आणली, किंमत ३४,००० आणि तब्येत उत्तम. किक अडत होती, धूर नव्हता, चेन नवी. दादा हरखला. नंबर मात्र एमएच-१२, म्हणजे पुण्याचा. गाडी दाखवणारा मालक नव्हता. त्याने ती दुसऱ्याकडून घेतली होती आणि त्याच्याकडे पुण्याच्या मूळ मालकाच्या सह्या केलेले कोरे फॉर्म होते. आरसीवर कर्ज देणाऱ्या संस्थेचे नावही तसेच होते. काकांनी आरसी परत दिली आणि नमस्कार केला. दादा दोन दिवस त्यांच्याशी नीट बोलला नाही. महिनाअखेर जवळ आली होती आणि सहाच्या पाळीची काळजी त्याला होती, काकांना नव्हती, असे त्याचे म्हणणे.

मला वाटते येथे काका बरोबर होते, आणि जुनी गाडी घेताना इंजिनापेक्षा कागद जास्त महाग पडू शकतो हे बहुतेकांना माहीत नसते. म्हणून जरा सविस्तर लिहितो. गाडी विकली की फॉर्म २९ आणि फॉर्म ३० भरून नोंदणी नव्या मालकाच्या नावावर करायची असते. मोटार वाहन कायदा १९८८ प्रमाणे घेणाऱ्याने हे ३० दिवसांत करायचे. कर्जावर घेतलेली गाडी असेल तर आधी कर्ज फिटल्याचे पत्र आणि फॉर्म ३५ देऊन आरसीवरचे ते नाव काढावे लागते. गाडी दुसऱ्या राज्यातली असेल तर मूळ आरटीओचे ना-हरकत पत्र लागते, तो फॉर्म २८, आणि नव्या राज्यात कर भरून नवा नंबर घ्यावा लागतो. आता या साखळीत मूळ मालक पुण्यात, मधला माणूस इंदुरात आणि कर्ज देणारी संस्था तिसरीकडे. एक जरी कडी तुटली तर गाडी तुमच्या दारात आणि मालकी दुसऱ्याच्या नावावर. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली स्पष्ट केले आहे की नोंदणीवर ज्याचे नाव, कायद्याच्या दृष्टीने तोच मालक. त्यामुळे अपघात झाला तर भरपाईचा दावा त्याच्या दारात जातो, त्याने गाडी कधीच विकलेली असली तरी. घरी कोणी गाडी विकत असेल तर त्यांनाही हे सांगा. “तुम्ही करून घ्या ट्रान्सफर” म्हणून सही केलेला कोरा फॉर्म देणे म्हणजे सही केलेला कोरा चेक देण्यासारखेच आहे.

गाडी पाहायला जाण्याआधीच बरेच काही कळू शकते. परिवहन विभागाच्या ‘एमपरिवहन’ अ‍ॅपमध्ये गाडीचा नंबर घातला की नोंदणीची तारीख, इंधन, विमा कधीपर्यंत आहे, हे दिसते. मग प्रत्यक्ष गाडीच्या चासीवर आणि इंजिनावर कोरलेले नंबर आरसीशी अक्षर न् अक्षर ताडून पाहायचे. हे काम काकांनी मला दिले होते. हँडलच्या खाली मानेपाशी धुळीत कोरलेला तो लांबलचक नंबर ओल्या फडक्याने पुसून वाचायला टॉर्च लागतो.

तिसरी गाडी सुदामानगरात मिळाली. होंडा शाईन, १२५ सीसी, ऑक्टोबर २०१७ ची. मालक बँकेतून नुकतेच निवृत्त झालेले गृहस्थ, पहिलेच मालक. टाकीचा रंग उन्हाने उतरलेला, डावा आरसा फुटलेला. मागणी ४१,०००. दादाचा चेहरा पडला, काकांचा खुलला. ते हळूच म्हणाले, “हिला कोणी विकायला म्हणून नटवलेलं नाही.”

२०१७ हे साल जरा फसवे आहे. त्या वर्षी १ एप्रिलपासून देशभर बीएस-४ नियम लागू झाले. न्यायालयाने २९ मार्चला सांगितले की जुन्या बीएस-३ गाड्या १ एप्रिलपासून विकता येणार नाहीत. मग शेवटच्या दोन दिवसांत दुकानांनी त्या भरघोस सवलतीत काढून टाकल्या. त्यामुळे ‘२०१७ ची गाडी’ असे कोणी म्हटले तर महिना विचारावा. ओळखायची एक सोपी खूणही आहे. एप्रिल २०१७ पासूनच्या नव्या दुचाकींना हेडलाइट बंद करायचे बटण नसते, इंजिन सुरू असेपर्यंत दिवा लागलेलाच राहतो. मालक ऑक्टोबर म्हणाले आणि बटण नव्हते, जुळले. त्याच्या पुढचा टप्पा १ एप्रिल २०२० चा, बीएस-६ चा. त्या गाड्यांत बहुतेक ठिकाणी कार्ब्युरेटर जाऊन फ्युएल इंजेक्शन आले. त्या सकाळी पटकन सुरू होतात आणि मायलेजही चांगले, पण बिघडल्या तर स्कॅनर असलेला मेकॅनिक शोधावा लागतो. काकांचे मत असे की बजेट कमी आणि घरात पाना धरणारा माणूस असेल तर कार्ब्युरेटर बरा.

मीटरवर ३८,६०० किलोमीटर होते. मीटरवर विश्वास ठेवायचा नसतो, त्याची साक्ष घ्यायची असते. फूटरेस्टचे रबर, ब्रेकच्या पेडलची जाळी, हँडलची ग्रिप, चावीचे भोक हे साक्षीदार. मीटर पंधरा हजार सांगते आणि फूटरेस्ट गुळगुळीत झाले आहे, तर दोघांपैकी एक खोटे बोलतो आणि रबराला खोटे बोलता येत नाही. येथे घर ते बँक जाऊन-येऊन चौदा किलोमीटर होते, इतक्या वर्षांचा गुणाकार मीटरच्या जवळ आला. सर्व्हिसच्या पावत्या गृहस्थांनी पासबुकासारख्या एका पिशवीत ठेवल्या होत्या.

मग काकांनी गाडी मेन स्टँडवर घेतली. मला मागच्या चाकाजवळ बसवून चेन दाखवली. मागच्या दातेरी चक्राच्या अगदी पाठीमागे चेन बोटाने ओढायची. ती चक्राला चिकटून राहिली तर ठीक, अर्धा दाता उघडा पडला तर संपली. ही संपली होती. दातेही हुकासारखे वाकले होते. टायरच्या बाजूला लंबगोलात चार आकडे असतात, ते ३४१७ होते, म्हणजे २०१७ च्या चौतिसाव्या आठवड्यात बनलेला टायर. गाडी आली तेव्हाचाच. नक्षी शिल्लक दिसत होती, पण इतक्या वर्षांत रबर कडक होते आणि ओल्या रस्त्यावर धरत नाही. नक्षी पाहून फसणारे बरेच असतात. आकडे कोणी वाचत नाही.

पुढचे चाक उचलून हँडल हळूहळू डावीकडून उजवीकडे फिरवले तर मध्यभागी किंचित अडले. कोन सेट गेला होता. पुढचा ब्रेक दाबून गाडी खालीवर दाबली, फोर्कमधून ऑइल आले नाही. समोर दहा पावले जाऊन दोन्ही चाके एका रेषेत दिसतात का ते पाहिले, चासीवर नव्या वेल्डिंगच्या खुणा शोधल्या. पडलेली गाडी रंगवता येते, पण फूटरेस्टची दांडी आणि हँडलचा स्टॉपर सहसा कोणी बदलत नाही, तेथे वाकल्याची खूण राहते. येथे काही नव्हते. आरसा गेटला लागून फुटला होता म्हणे, आणि ते खरे असावे.

चालवून पाहायचे काम काका आणि दादाचे. येथे वाचकांना एक आठवण. गिअरच्या मोटारसायकलचे लायसन्स १८ वर्षे पूर्ण झाल्यावरच मिळते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाने गाडी चालवली तर पालकांना २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, गाडीची नोंदणी वर्षभरासाठी रद्द होते आणि त्या मुलाला वयाच्या पंचविसाव्या वर्षापर्यंत लायसन्स मिळत नाही. सुट्टीत चुलतभावाची गाडी ‘फक्त गल्लीच्या टोकापर्यंत’ नेणाऱ्यांनी, आणि असे आपल्या हाउसमध्ये निदान सहा जण मला माहीत आहेत, हा परिच्छेद दोनदा वाचावा.

काकांनी मुद्दाम दादाला मागे बसवून चढावर गाडी नेली. चौथ्या गिअरमध्ये अ‍ॅक्सिलरेटर पिळल्यावर आवाज वाढतो आणि वेग वाढत नाही, असे झाले तर क्लच प्लेटा घसरत आहेत. सपाट रस्त्यावर हँडलची पकड सैल केली तर गाडी एका बाजूला ओढते का हे पाहिले. न्यूट्रल चटकन सापडते का, ब्रेक दाबल्यावर चाक कुरकुरते का. परत आल्यावर त्यांनी दादाला वही मागायला लावली आणि मालकांच्या समोरच यादी वाचली: चेन सेट १,३००, मागचा टायर १,९००, कोन सेट ५५०, ऑइल ४२०, ब्रेक शू ३५०, केबल २८०, मजुरी ७००. एकूण ५,५००. घासाघीस अशी झालीच नाही. गृहस्थांनी चष्मा लावून यादी वाचली, चेन स्वतः ओढून पाहिली आणि ३६,५०० ला हो म्हणाले. फुटलेल्या आरशाचे पैसे काकांनी धरले नव्हते, ते त्यांनी आपणहून दिले.

सौदा ठरला तरी चावी लगेच घेतली नाही. दोघे मिळून फॉर्म भरले, ऑनलाइन अर्ज केला, पैसे बँकेतून दिले आणि विक्रीच्या पत्रावर तारखेबरोबर वेळही लिहिली. वेळ कशाला, तर त्या मिनिटाआधीचा दंड त्यांचा आणि नंतरचा आपला. विम्याचे पाच महिने बाकी होते, तो चौदा दिवसांच्या आत दादाच्या नावावर करायला अर्ज दिला. हे बरेच लोक विसरतात आणि मग स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा अडकतो. जुन्या मालकाला मिळणारी ‘नो क्लेम’ सवलत मात्र माणसाची असते, गाडीबरोबर येत नाही.

आईचा हिशेब असा पुरा झाला. गाडी ३६,५००, दुरुस्ती ५,५००, आरटीओ आणि कागद १,१००, आयएसआय खुणेची दोन हेल्मेट २,४००. एकूण ४५,५००. राहिलेले ४,५०० काकांनी खर्चू दिले नाहीत. जुनी गाडी पहिल्या तीन महिन्यांत काहीतरी मागतेच, म्हणून ते पाकिटात घालून देवघराच्या खणात ठेवले. पन्नास हजार हातात असतील तर पन्नासची गाडी घ्यायची नसते, हे गणित आमच्या पुस्तकात नाही.

आता रविवारबद्दल. महूहून मंडलेश्वरकडे जाताना अहिल्याबाईंच्या काळातला जाम दरवाजा लागतो आणि तेथून रस्ता विंध्यातून वळणे घेत निमाडात उतरतो. दादाला वाटे या घाटासाठी मोठे इंजिन हवे. प्रत्यक्षात उतरताना इंजिनाच्या मोठेपणापेक्षा ब्रेक आणि टायर कामाला येतात. सतत ब्रेक दाबत उतरलो तर ड्रम तापतो आणि पकड सोडतो, म्हणून दुसऱ्या गिअरमध्ये इंजिनालाच वेग रोखू द्यायचा. चढताना १२५ सीसी दोघांना घेऊन चाळिसाने चढते. त्या वेगाने दरीसुद्धा नीट पाहता येते.

लष्करात गाडी बाहेर काढण्याआधी ‘फर्स्ट परेड’ होते हे आपल्याला माहीत आहे. काकांनी तीच पद्धत दादाला लावली. पावणेपाचला उठायचे, पाचला गाडीपाशी: पेट्रोल, ऑइलची काडी, हवा, चेनचा ढिलेपणा, दोन्ही ब्रेक, मागचा दिवा. तीन मिनिटे लागतात. दर पाचशे किलोमीटरला चेनला ऑइल. एका वहीत तारीख, मीटर आणि लिटर.

पाळी सुरू झाल्यावरच्या पहिल्या महिन्याचे आकडे दादाने मला रविवारच्या फोनवर वाचून दाखवले. १,३४० किलोमीटर, २३.४ लिटर, म्हणजे लिटरला ५७. एक पंक्चर, राऊजवळ, तेही परतीच्या वाटेवर. देवघरातल्या पाकिटातून ८० रुपये कमी. उशीर एकही नाही. दादाच्या नावाची आरसी पोस्टाने आली आहे आणि आईने ती पाकिटाशेजारी ठेवली आहे.